आत्याबाई उठत नाही

दोन लाख तेरा हजार चारशे सहा.

जुन्या ड्राइव्हवर (यंत्राची सगळी माहिती साठवून ठेवणारा भाग) इतक्या फायली होत्या आणि नव्या ड्राइव्हवरही बरोबर तितक्याच. एक कमी नाही, एक जास्त नाही. जुईलीने दोनदा मोजणी लावून पाहिली होती. तरीही आत्याबाई उठत नव्हती.

आत्याबाई म्हणजे कोंडवाडीच्या खेकडा पैदास केंद्रातला रोबो. छताला लावलेल्या रुळावरून ती आठ टाक्यांवर सरकत राहायची. सहा हातांनी पिल्लांना खाऊ घालायची, पाण्याचा खारेपणा मोजायची, हवेचे पंप चालवायची आणि दिवसभर सगळ्यांना सूचना द्यायची. ‘चपला बाहेर काढा.’ ‘झाकण लावा.’ ‘हात धुतले का?’ म्हणून तर केंद्रातल्या बायकांनी तिला आत्याबाई म्हणायला सुरुवात केली होती.

२०५८ सालातल्या त्या सकाळी मात्र तिचे सहाही हात टाक्यांवर नुसते लोंबत होते. पंप बंद होते. भिंतीवरच्या पडद्यावर एकच ओळ दिसत होती: ‘सुरू करता येईल अशी कार्यप्रणाली सापडली नाही.’ (कार्यप्रणाली म्हणजे यंत्रातल्या सगळ्या कामांची व्यवस्था पाहणारा मुख्य प्रोग्राम.)

“सापडत नाही म्हणजे काय? इथेच तर आहे!” जुईली ओरडली आणि तिने टेबलावर मूठ आपटली.

“कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?” तिच्या आईचा आवाज तिच्याहून मोठा होता. आई, म्हणजे स्वराताई, या केंद्राची प्रमुख. धक्क्यावरून ती नुकतीच धावत आली होती. “बारा वर्षांची पोर तू! मला न विचारता यंत्र बंद करतेस?”

“कुणीच हात लावत नव्हतं म्हणून लावला! चार दिवस आत्याबाई सांगतेय, ‘ड्राइव्ह खराब होतोय, ड्राइव्ह खराब होतोय.’ तुम्ही सगळे नुसते ऐकत होतात!”

हे खरंच होतं. चार दिवसांपूर्वी पहिला इशारा आला, तेव्हा आईने कंपनीला फोन केला होता. कंपनीच्या गोड आवाजाच्या बाईने सांगितलं होतं, “आपलं मॉडेल आता आमच्या दुरुस्तीच्या यादीत नाही. आपण नवं घ्यावं. अकरा दिवसांत पोहोचेल.” आईने तीन वेळा फोन केला, तिन्ही वेळा तेच शब्द, तोच गोड आवाज. शेवटी जुईलीने शाळेच्या प्रयोगशाळेतून तेवढ्याच आकाराचा नवा ड्राइव्ह मागून आणला आणि आज सकाळी सातला आत्याबाईला बंद करून सगळ्या फायली त्यावर उतरवल्या. अर्ध्या तासाचं काम, असं तिला वाटलं होतं. फायली उतरल्या आणि त्यानंतर जुन्या ड्राइव्हने मानच टाकली. परत जोडून पाहिला तर तो यंत्राला दिसेचना.

टाक्यांमध्ये पाच दिवसांपूर्वी अंड्यांतून निघालेली लाखो पिल्लं होती. तिळाहून बारीक, दोन काळे डोळे आणि एक शेपटी, एवढाच जीव. पंप बंद पडून पाऊण तास होऊन गेला होता. पाण्यातली हवा संपत चालली की ती तासाभरात तळाला बसू लागतात, हे वाडीतल्या लहान पोरांनाही ठाऊक होतं.

“अंबरच्या दिवसासारखं करू,” आई म्हणाली. गेल्या वर्षी अंबर नावाच्या वादळात वीज गेली होती, तेव्हा त्यांनी तसंच केलं होतं. “पाण्याचे मग आणा, तांबे आणा, जे मिळेल ते आणा!”

केंद्रातल्या नऊ बायका टाक्यांभोवती उभ्या राहिल्या. टाकीतलं पाणी मगाने घ्यायचं, हात उंच करायचा आणि धार परत टाकीत सोडायची. उंचावरून पडणारं पाणी आपल्याबरोबर हवा घेऊन खाली जातं. पंप जे करतो तेच, फक्त हातांनी. पण टाक्या आठ आणि बायका नऊ; एका टाकीला जेमतेम एकच जोडी हात.

जुईलीने आईकडे एकदा पाहिलं, ड्राइव्हकडे एकदा पाहिलं आणि ती पळत सुटली.

आजोबांचं घर वाडीच्या टोकाला होतं. हेमंत मुणगेकर, तिच्या आईचे वडील. समुद्रावर तरंगणाऱ्या वेधशाळांमधले संगणक त्यांनी तीस वर्षं सांभाळले होते. भर समुद्रात बंद पडलेलं यंत्र किनाऱ्यावर बसून उठवणारा माणूस, अशी त्यांची ख्याती होती. पण पैदास केंद्रात त्यांनी दोन वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. आत्याबाई आली त्या दिवशी त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं होतं, “पंप हाताने सुरू करायचं बटण कुठाय?” बटण नव्हतंच. सगळं आत्याबाईमार्फत. “असलं यंत्र घेऊ नका,” ते म्हणाले. लवकर मिळणारं दुसरं यंत्र नव्हतं, म्हणून आईने ते घेतलं. बापलेकीचं जोरदार भांडण झालं. “तुमच्या त्या यंत्राला मी हात लावणार नाही,” असं सांगून आजोबा निघून गेले ते गेलेच.

आता ते ओटीवर बसून एक जुना रेडिओ उघडत होते.

“आजोबा, चला. आत्याबाई बंद पडलीय.”

“मी चार दिवसांपूर्वीच सांगितलंय. त्या यंत्राला मी हात—”

“मग ते पिल्लांना येऊन सांगा!” जुईलीचा आवाज चिरकला. “मी तुम्हाला रोज विचारत होते. रोज! तुम्ही आईवर रागावलात, माझ्यावर नाही. पिल्लांवर तर नाहीच ना? मग त्यांना येऊन सांगा की माझा राग मोठा आहे, तुम्ही मरा!”

आजोबांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. त्यांच्याशी असं कुणी बोलत नसे. त्यांचा चेहरा लाल झाला. मग ते तडक उठले, कपाटातून एक पेन ड्राइव्ह घेतला आणि अनवाणीच चालू लागले. वाटेत एकदाच बोलले, “काय केलंस ते सांग. पहिल्यापासून. काही गाळू नकोस.”

केंद्रात शिरताना बापलेकीची नजरानजर झाली. आईचे दोन्ही हात कोपरापर्यंत खाऱ्या पाण्यात होते. तिने नुसतं मानेने यंत्राकडे दाखवलं.

आत्याबाईच्या पेटीवर एक चकचकीत पट्टी होती: ‘उघडल्यास हमी संपेल.’ आजोबांनी ती नखाने टरकावून फेकून दिली.

“फायली मोजल्यास?”

“दोनदा. सगळ्या आल्यात. तरी म्हणते, कार्यप्रणाली सापडली नाही. खोटारडी!”

“यंत्र खोटं बोलत नाही. कंपन्या बोलतात.” आजोबा खेकसले. “तू चूल पेटवतेस तेव्हा काडी ओढून थेट ओंडक्याला लावतेस?”

“आता चुलीचं काय?”

“उत्तर दे!”

“नाही. ओंडका काडीने पेटत नाही. आधी माडाच्या सुक्या झावळीचं चुडत पेटवायचं.”

“हां. यंत्र सुरू होताना तसंच होतं. कार्यप्रणाली हा ओंडका. प्रचंड मोठी. ती आपणहून जागी होत नाही, तिला कुणीतरी उठवावं लागतं. या पेटीत एक छोटी चिप आहे, तिच्यात फर्मवेअर आहे (यंत्रात कायमचा बसवलेला, वीज येताच सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम). ती झाली काडी. तिला फार काही येत नाही. ड्राइव्हवरच्या एका ठरलेल्या जागी बघायचं आणि तिथे जे असेल ते सुरू करायचं, एवढंच. त्या ठरलेल्या जागी असतो बूटलोडर (कार्यप्रणालीला शोधून जागं करणारा लहान प्रोग्राम). ते झालं चुडत. फर्मवेअर बूटलोडरला उठवतं, बूटलोडर कार्यप्रणालीला उठवतो आणि कार्यप्रणाली तुझ्या आत्याबाईला.”

“पण मी सगळं आणलं ना!”

“तू दिसणारं सगळं आणलंस. बूटलोडरची ठरलेली जागा नेहमीच्या फायलींमध्ये नसते. ड्राइव्हच्या वेगळ्या, लपवलेल्या कप्प्यात असते. तू ओंडके मोजून आणलेस. चुडत जुन्या घरी राहिलं.”

जुईलीला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. “मग हे लिहायला काय होतं त्यांना? ‘बूटलोडर सापडला नाही’ असं का नाही लिहिलं? कार्यप्रणाली नाही, कार्यप्रणाली नाही, म्हणून मी इतका वेळ त्याच फायली परत परत मोजत बसले!”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. “हा राग बरोबर आहे,” ते म्हणाले. “नीट न लिहिलेल्या एका ओळीपायी मी माणसं आठवडाभर समुद्रात अडकलेली पाहिलीत.”

पेन ड्राइव्हवर त्यांची स्वतःची छोटी कार्यप्रणाली होती. तिच्यावरून त्यांनी यंत्र तात्पुरतं सुरू केलं, नव्या ड्राइव्हवर लहानसा वेगळा कप्पा पाडला आणि त्यात नवा बूटलोडर बसवला. जुईलीने त्यांच्या टिपणातून आज्ञा वाचून दाखवायच्या आणि त्यांनी टाइप करायच्या. मग पेन ड्राइव्ह काढून त्यांनी कळ दाबली.

पडदा काळा झाला. मग पांढरा झाला. आणि नवी ओळ आली: ‘कप्पा ७क४फ-२९ची वाट पाहत आहे.’

एक मिनिट गेलं. दोन मिनिटं गेली. ओळ हलेना.

“अगो, तिसऱ्या टाकीत काय्येक हलना नाय!” दर्शनाकाकी ओरडल्या. केंद्रातल्या सर्वांत वयस्कर त्याच. “माझे तर हात भरान इले!”

आई धावली. आजोबा ताडकन उठले आणि पंपाच्या वायरी ओढू लागले. “मी हे थेट विजेला जोडतो! खड्ड्यात गेली कंपनी!”

“बाबा, नको!” आईने त्यांचा हात धरला. “ही मोटर थेट विजेवर चालत नाही, आत्याबाईकडून येणाऱ्या विजेवरच चालते. थेट जोडलीत तर जळेल. मग आत्याबाई उठली तरी पंप नसेल.”

“असली मोटर घेतलीच का तुम्ही?”

“ते भांडण संध्याकाळी करू! आत्ता मग घ्या हातात!”

आजोबांनी वायरी सोडल्या. मग त्यांनी खरोखरच एक मग उचलला, तिसऱ्या टाकीशी गेले आणि पाण्याच्या धारा सोडू लागले. पडद्यासमोर आता जुईली एकटीच होती.

‘कप्पा ७क४फ-२९ची वाट पाहत आहे.’

“कसली वाट पाहतोयस? कप्पा समोरच आहे, आंधळ्या!” तिने पेटीला लाथ मारायला पाय उचलला आणि तसाच खाली ठेवला. मघाशी याच्याच एका ओळीला आपण खोटारडी म्हणालो आणि ती खोटी नव्हती, अपुरी होती. ही तर पुरी दिसतेय. यात नाव आहे. मग हे नाव कुणाचं?

“आजोबा! ड्राइव्हच्या कप्प्यांना नावं असतात?”

“क्रमांक असतो!” आजोबा धार सोडता सोडताच ओरडले. “कप्पा तयार होतो तेव्हाच यंत्र त्याला ओळखक्रमांक देतं! एकाचा दुसऱ्यासारखा नसतो!”

म्हणजे ७क४फ-२९ हा जुन्या ड्राइव्हवरचा कप्पा. टेबलावर मरून पडलेला. नव्या कप्प्याचा क्रमांक वेगळा असणार. बूटलोडर तर नवा आहे, पण कुठला कप्पा शोधायचा हे ज्या चिठ्ठीवर लिहिलंय, ती सेटिंगची फाईल? ती तर तिने जुनीच, जशीच्या तशी आणली होती, अगदी काळजीपूर्वक. बूटलोडर आंधळा नव्हता. त्याला जो पत्ता दिला होता त्या पत्त्यावर तो इमानाने जाऊन उभा राहिला होता आणि त्या पत्त्यावर आता कुणी राहत नव्हतं.

तिने पेन ड्राइव्ह परत लावला. नव्या कप्प्याचा क्रमांक काढला: ब१०अ-६३. सेटिंगच्या फाईलमध्ये जिथे जिथे जुना क्रमांक होता तिथे तो बदलला. तीन ठिकाणी होता. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत लिहिलं. कळ दाबली.

ओळी धबधब्यासारख्या खाली धावू लागल्या. कार्यप्रणाली जागी होत होती. छतावर कुरकुर झाली आणि आत्याबाईचे सहा हात वर उचलले गेले. बायकांनी धारा सोडता सोडताच आरडाओरडा केला.

“नमस्कार,” आत्याबाई म्हणाली. “टाक्यांची संख्या शून्य. आज काही काम नाही.”

आणि तिचे हात परत खाली आले.

मग दर्शनाकाकी असं काही बोलल्या की ते इथे लिहिता येणार नाही.

जुईली मात्र ओरडली नाही. तिचा राग आता वेगळा झाला होता. दात आवळलेला, गप्प. कोण शोधतंय? आत्याबाई. काय शोधतेय? टाक्यांची माहिती. कुठे शोधतेय? तिने आत्याबाईच्या प्रोग्रामचा फोल्डर उघडला. त्यात ‘टाक्या’ नावाची फाईल होती, पण तिचा आकार पाहून जुईली थबकली. आठ टाक्यांची दोन वर्षांची माहिती आणि आकार जेमतेम एका ओळीएवढा? फाईलच्या नावाशेजारी एक लहानसा बाण होता.

तो दुवा होता (खरी फाईल नव्हे, तर खरी फाईल कुठे आहे एवढंच सांगणारी खूण). दुव्यात लिहिलं होतं: ‘साठा-१ मध्ये पाहा.’ साठा-१ हे जुन्या ड्राइव्हचं नाव. नवा ड्राइव्ह लावताना यंत्राने त्याला आपणहून नाव दिलं होतं, साठा-२. खरी फाईल साठा-२ मध्ये सुखरूप होती. दुवा मात्र अजून मेलेल्या ड्राइव्हकडे बोट दाखवत होता. मोजणी करणाऱ्या प्रोग्रामने दुव्यालाही एक फाईल धरलं होतं, म्हणून आकडा दोन्हीकडे सारखाच. संख्या बरोबर होती, पत्ता चुकीचा होता.

तिने दुवा पुसला. नवा केला. ‘साठा-२ मध्ये पाहा.’

“टाक्यांची संख्या आठ,” आत्याबाई म्हणाली. आणि लगेच: “हवा धोक्याच्या पातळीखाली. पंप सुरू. सर्वांनी बाजूला व्हा. चपला कुणी आत आणल्या आहेत?”

आठही टाक्यांमधून बुडबुडे वर आले.

दर्शनाकाकी होत्या तिथेच खाली बसल्या. आईने मग सोडला आणि तिसऱ्या टाकीवर वाकून पाहिलं. तिथले बुडबुडे फक्त पाणी हलवत होते. तळाला करड्या धुळीसारखा थर बसला होता.

“सात वाचल्या,” आई म्हणाली. “ही गेली.”

जुईलीला रडू फुटलं. दुःखाने नव्हे, संतापाने. “मला आधी कुणी सांगितलं असतं तर! एक ओळ! एवढीशी!”

आईने ओल्या हातांनी तिला जवळ ओढलं. “मला न विचारता यंत्र बंद केलंस ते चूक. त्याबद्दल मी अजून रागावलेय. पण ड्राइव्ह आज मरणारच होता. तू माहिती उतरवून घेतली नसतीस तर आठही गेल्या असत्या.” मग ती आजोबांकडे वळली. “आणि बाबा, दोन वर्षांपूर्वी तुम्ही बटणाबद्दल बोललात ते बरोबर होतं. हे चार दिवस गप्प बसलात ते मात्र साफ चूक.”

“हो,” आजोबा म्हणाले. त्यांचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. “उद्यापासून बटणं बसवतो. प्रत्येक पंपाला एक.”

दुपारी कंपनीकडून संदेश आला. तोच गोड आवाज होता. ‘आपल्या यंत्रात अनधिकृत दुरुस्ती झाल्याचे आढळले आहे. आपण नवीन यंत्राचा विचार केला का?’ आईने तो दोनदा ऐकला आणि पुसायला हात पुढे केला. जुईलीने तिला थांबवलं.

“राहू दे. मला लिहायचंय.”

कंपनीला काय लिहायचं ते आई बघणार होती. जुईलीने लिहिलं ते इतर केंद्रांसाठी. याच मॉडेलच्या आत्याबाया पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंत होत्या आणि आज ना उद्या त्यांचेही ड्राइव्ह थकणार होते. तिने सगळं सोप्या मराठीत लिहून काढलं. फर्मवेअर कुणाला उठवतं, तो पुढे कुणाला उठवतो. पडद्यावर कुठली ओळ आली तर साखळी कुठे तुटली असं समजायचं. जुने क्रमांक कुठे लपून राहतात, दुवा कसा ओळखायचा. आजोबांनी वाचलं, दोन ठिकाणी खोडलं आणि शेवटी एक वाक्य घातलं: ‘जुना ड्राइव्ह चालू असतानाच हे करा आणि नवा नीट सुरू झाल्याची खात्री होईपर्यंत जुना पुसू नका.’ खाली केंद्राचा फोन नंबर दिला आणि तो कागद त्यांनी किनाऱ्यावरच्या सगळ्या केंद्रांना पाठवला.

नवव्या दिवशी जुईली शाळेतून केंद्रात आली आणि लगेच फोन वाजला. डहाणूच्या बाजूच्या कोळंबी केंद्रातून कुणी विघ्नेश मेहेर बोलत होते. बोलत कसले, ओरडतच होते. यंत्राला, कंपनीला, ड्राइव्ह बनवणाऱ्याला आणि मध्येच जुईलीलाही. त्यांच्यामागे पाणी ओतल्याचा आवाज येत होता. बरीच माणसं ओतत असावीत.

जुईलीने त्यांना मध्ये तोडलं नाही. दप्तर खाली ठेवलं, वही उघडली, पेनचं टोपण काढलं. ते दम घ्यायला थांबले तेव्हा ती म्हणाली, “काका, पडद्यावर आत्ता काय लिहिलंय ते मला वाचून दाखवा. अर्थ सांगू नका. अक्षरन् अक्षर वाचा.”

मग ते वाचू लागले.